विश्लेषण : ‘पंचवीस’ ऐकले, ‘५२’ लिहिले! चूक मुलाची की मराठी आकड्यांची?

दुसरीच्या पुस्तकातील ‘वीस एक, वीस दोन’वरून २०१९ मध्ये राज्यभर विनोद झाले. मेंदू आकडे आणि त्यांचा क्रम कसा हाताळतो हे पाहिले, तर त्या वादात हसण्यासारखे होते त्याहून समजून घेण्यासारखे जास्त होते…

दुसरीचा वर्ग. बाई संख्या सांगत आहेत, मुले वहीत लिहीत आहेत. बाई म्हणतात, ‘पंचवीस’. एका मुलाच्या कानावर आधी ‘पंच’ पडते. तो ५ लिहितो. मग ‘वीस’ ऐकू येते, म्हणून शेजारी २ लिहितो. वहीत ५२ उमटतात, त्यावर लाल फुली पडते आणि घरी गेल्यावर ‘लक्ष कुठे असते तुझे?’ हा प्रश्न येतो. खरे तर लक्ष पूर्ण होते. जे ज्या क्रमाने ऐकले, ते त्याच क्रमाने त्याने कागदावर उतरवले.

ही चूक मराठी घरांत इतकी नेहमीची आहे, की तिची कुणी फारशी दखल घेत नाही. मात्र सात वर्षांच्या मुलाला ‘गणितात कच्चा’ हा शिक्का अनेकदा इथूनच बसायला सुरुवात होते.

२०१९ मध्ये नेमके काय झाले होते?

जून २०१९ मध्ये शाळा सुरू झाल्या आणि ‘बालभारती’चे दुसरीचे नवे गणिताचे पुस्तक चर्चेत आले. २१ ते ९९ या संख्यांसाठी त्यात ‘वीस एक’, ‘वीस दोन’, ‘वीस तीन’ असे वाचन दिले होते. गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या ज्येष्ठ गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर (जुलै २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले). त्यांची भूमिका साधारण अशी होती : मराठी संख्यानामांत जोडाक्षरे फार, त्यात बोलण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम उलटा, त्यामुळे लहान मुले अडखळतात. दशक आधी उच्चारला तर संख्या समजणे सोपे जाते. जुनी नावे हद्दपार करायची नाहीत, सोबत ही वाटही द्यायची.

पुढे काय झाले ते आठवत असेल. ‘छत्तीसचा आकडा’ आता ‘तीस सहाचा आकडा’ होणार का, ‘बावनकशी’ सोन्याचे काय, या छापाच्या विनोदांनी व्हॉट्सॲप भरून गेले. विधानसभेत तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वरही कोटी झाली. भाषेचे सौष्ठव जाईल, हा आक्षेप मात्र गंभीर होता आणि तो घेणारी माणसेही गंभीर होती. सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यात ‘पंचवीस’ ऐकल्यावर काय घडते, हा प्रश्न या सगळ्यात मागे पडला.

मेंदूत आकडा राहतो कुठे?

एकाच ठिकाणी नाही. फ्रान्सचे मेंदूशास्त्रज्ञ स्टानिस्लास देहान यांनी १९९२ मध्ये मांडलेली कल्पना आजही या क्षेत्रात पायाभूत मानली जाते. त्यांच्या मते मेंदूत संख्या तीन रूपांत असते. एक, तिचे चित्र : ‘२५’ ही खूण. हे काम दृष्टीशी संबंधित, मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात चालते. दोन, तिचे नाव : ‘पंचवीस’ हा शब्द. तो भाषेच्या यंत्रणेत, बहुतेकांच्या बाबतीत मेंदूच्या डाव्या अर्धगोलात असतो. आणि तीन, तिचे मोल : पंचवीस म्हणजे साधारण किती. यासाठी डोक्याच्या मागच्या-वरच्या बाजूची एक घळ महत्त्वाची ठरते. तिला ‘इंट्रापरायटल सल्कस’ म्हणतात.

यातले मोल ओळखण्याचे काम भाषेच्या आधीचे आहे. कॅरन विन यांनी १९९२ मध्ये पाच महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केले. पडद्यामागे एक बाहुली ठेवली, मग दुसरी ठेवली आणि पडदा काढल्यावर एकच दिसली, तर बाळे जास्त वेळ टक लावून पाहत राहिली. बोलता न येणाऱ्या बाळालाही हिशेब चुकल्याचे जाणवते! माकडांच्या मेंदूत ठरावीक संख्येला प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशी आढळल्या आहेत. २०१८ मध्ये अशाच पेशी माणसातही दिसल्या. जर्मनीत अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी आधीच बसवलेल्या सूक्ष्म तारांमुळे ती नोंद करता आली.

चित्र, नाव आणि मोल हे तिन्ही वेगळे आहेत, हे कसे कळले? बरेचसे आजारांमुळे. १९९१ मध्ये इटलीतील एका महिलेची नोंद प्रसिद्ध झाली. ती आपल्या कुटुंबाच्या हॉटेलचे हिशेब सांभाळायची. पक्षाघातानंतर तिचे बोलणे-समजणे बरेचसे शाबूत राहिले, पण चारच्या पुढची संख्या तिच्यासाठी उरलीच नाही. चारपर्यंत मोजायची आणि थांबायची.

‘पंचवीस’ ते ‘२५’ : मधल्या क्षणात काय घडते?

श्रुतलेखनात मुलाला नावावरून चित्र तयार करायचे असते. ऐकलेला ‘पंच’ काही क्षण मनात धरायचा, ‘वीस’ ऐकेपर्यंत हात आवरायचा, वीसमधला २ काढून तो आधी लिहायचा, आणि मग राखून ठेवलेला ५ त्याच्या उजवीकडे. हे सगळे तात्पुरत्या स्मृतीच्या भरवशावर. ही स्मृती किती तोकडी असते, ते ओटीपी आला की आपल्यालाही कळते. एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये जाईपर्यंत सहा आकडे ओठांवर घोळवावे लागतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ही क्षमता सात गोष्टींच्या आसपास असल्याचे म्हटले होते. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चारच्या आसपास असल्याचे दाखवले. ही मोठ्यांची गोष्ट. पहिली-दुसरीतल्या मुलाची झोळी त्याहून लहान असते.

इंजिनीअरिंगला आम्हाला ‘एन्डियन’ नावाचा एक कंटाळवाणा भाग होता. काही संगणक मोठ्या संख्येचा लहान भाग आधी साठवतात, काही मोठा भाग आधी. इंटेलचे प्रोसेसर पहिल्या प्रकारचे, तर इंटरनेटवरून माहिती पाठवण्याचा प्रमाणित क्रम दुसऱ्या प्रकारचा. दोघांनी एकमेकांशी बोलायचे तर मध्ये उलटापालट करावी लागते. परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो. या लेखासाठी वाचताना लक्षात आले, की ‘पंचवीस’ पहिल्या प्रकारचा आहे आणि ‘२५’ दुसऱ्या. संगणकात ही उलटापालट एका आज्ञेत होते. मुलाला ती प्रत्येक संख्येला, हाताने, बाई पुढची संख्या सांगायच्या आत करावी लागते.

बोलीचा हा क्रम चुकीचा आहे, असे मात्र नाही. संस्कृतात ‘पञ्चविंशति’ म्हणजे पाच आणि वीस. जुन्या भारतीय ज्योतिषगणितात शब्दांनी संख्या सांगताना एकक आधी सांगून डावीकडे सरकत जाण्याचीच रीत होती. अडचण इतकीच, की संस्कृतात स्पष्ट दिसणारे सांधे मराठीपर्यंत येताना झिजले. ‘दोन’चेच पाहा : बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. कुठे बा, कुठे बे, कुठे ब्या. ‘दोन’ हा शब्द एकातही सापडत नाही. इंग्रजीत एक ते शंभर मोजायला २८ शब्द पुरतात. चिनी भाषेत अकरा पुरतात, कारण तिथे पंचवीस म्हणजे ‘दोन-दहा-पाच’. मराठीत जवळपास शंभरच्या शंभर नावे पाठ करावी लागतात.

त्यातही ‘एकोण’ हे वेगळेच प्रकरण आहे. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. मुलाच्या कानावर ‘साठ’ पडते, पण लिहायचा असतो ५. ऐकलेला दशक टाकून त्याच्या आधीचा घ्यायचा, आणि ज्याचा उच्चारच झाला नाही तो ९ स्वतः आणायचा. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा नियम अंगवळणी पडतो, तोच ९९ला तो मोडतो : एकोणशंभर नाही, नव्याण्णव. एकोणसाठ की एकोणसत्तर, यावर माझी स्वतःची गाडी आजही अर्धा सेकंद थांबते.

आमच्या डेस्कवर मतमोजणीच्या दिवशी फोनवरून आकडे येतात, तेव्हा गावाकडून बोलणारा अस्सल मराठी वार्ताहरही ‘त्रेपन्न’ म्हणून लगेच ‘फाइव्ह थ्री’ जोडतो. त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर यांत गोंधळ झाला तर आघाडीचा आकडा बदलतो, हे त्याला अनुभवाने माहीत असते. मोबाइल नंबर सांगताना तर आपण बहुतेक जण थेट इंग्रजी सुटे अंकच वापरतो. म्हणजे ‘दशक आधी’ या कल्पनेला हसणाऱ्या आपण मोठ्यांनीही अडचणीच्या जागी पळवाट शोधून ठेवली आहे. दुसरीतल्या मुलाला ती मुभा नाही.

ही अडचण फक्त मराठीची आहे का?

मुळीच नाही. हिंदी, गुजराती, बंगाली याच वळणाच्या. कन्नड आणि तेलुगूत मात्र दशक आधी येतो. सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड आणि शाळेत मराठी असलेल्या मुलांना दोन्ही क्रम एकाच दिवसात सांभाळावे लागतात.

या विषयावर सर्वाधिक अभ्यास जर्मन भाषेत झाला आहे, कारण तिथेही पंचवीसला ‘पाच-आणि-वीस’ म्हणतात. ऑस्ट्रियातील सात वर्षांच्या मुलांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ऐकून संख्या लिहिताना झालेल्या चुकांपैकी जवळपास निम्म्या या उलट क्रमाशी संबंधित होत्या. आणखी एका अभ्यासात ऑस्ट्रियातील आणि इटलीतील मुलांची तुलना झाली. इटालियनमध्ये दशक आधी असतो. हातच्याची बेरीज आली की जर्मन बोलणारी मुले जास्त अडखळत होती. म्हणजे प्रश्न श्रुतलेखनापुरता नाही, तो बेरजेतही शिरतो.

मला सर्वांत पटणारा पुरावा चेक भाषेतला वाटतो. दोन देशांची तुलना केली की शाळा, शिक्षक, घर सगळेच वेगळे असते, मग नेमका दोष कुणाचा हे सांगता येत नाही. चेकमध्ये मात्र संख्या म्हणण्याच्या दोन्ही पद्धती प्रचलित आहेत : वीस-पाच आणि पाच-वीस. तीच मुले, तेच वर्ग. त्या मुलांनी उलट क्रमाच्या शब्दांवर क्रमाच्या चुका जास्त केल्या.

नॉर्वेने तर प्रश्न कायद्याच्या पातळीवर सोडवला. तिथे जुनी पद्धत ‘एक-आणि-वीस’ होती. टेलिफोन नंबर सांगताना गोंधळ होतो म्हणून टेलिफोन खात्याने बदलाचा आग्रह धरला, संसदेने मान्यता दिली आणि १ जुलै १९५१ पासून शाळा व नभोवाणीत ‘वीस-एक’ सुरू झाले. जुनी पद्धत काही त्या दिवशी मेली नाही. पुढची अनेक दशके घराघरांत दोन्ही चालत राहिल्या. जर्मनीत गणितज्ञ लोथार गेरिट्झेन यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये अशाच मागणीसाठी एक संस्था स्थापन झाली. तिचे नाव ‘त्स्वान्त्सिश-आइन्स’, म्हणजे शब्दशः ‘वीस-एक’! सरकारने तिथे अजून बदल केलेला नाही.

क्रम आणि मोल यांत फरक काय?

मेंदूचा आणखी एक पैलू इथे महत्त्वाचा आहे. २ आणि ९ यांत मोठा कोण, हे आपण ८ आणि ९ यांच्यापेक्षा लवकर सांगतो. १९६७ मध्ये मोयर आणि लँडॉअर यांनी हे मोजून दाखवले. अंतर जितके जास्त, निर्णय तितका झटपट. पण प्रश्न बदला : ‘३, ४, ५’ हे क्रमाने आहेत का? आणि ‘२, ५, ८’? आता उलट होते. लगतचे अंक लवकर ओळखले जातात. मोल मापताना मेंदू अंतर पाहतो, क्रम ओळखताना पाठ असलेली साखळी वापरतो.

नेदरलँड्समधील पहिली ते सहावीच्या १३९१ मुलांवरील अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या इयत्तांत दोन अंकांत मोठा कोणता हे सांगण्याची क्षमता गणिताशी जास्त निगडित होती. सहावीपर्यंत येता येता अंक क्रमाने आहेत की नाहीत, हे ओळखण्याची क्षमता पुढे गेली. (डच भाषेतही पंचवीस ‘पाच-आणि-वीस’च आहे. तरी तिथली मुले गणितात जगाच्या मागे नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवे.)

आपल्या उजळणीकडे यानंतर थोड्या वेगळ्या नजरेने पाहता येते. पाढे, पावकी, निमकी, दिडकी यांनी साखळी पक्की होते आणि ती कामाची असते. मात्र ही साखळी शब्दांत, एका भाषेत साठते. रशियन आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्यांवरील २००१ च्या प्रयोगात, अचूक बेरजा ज्या भाषेत शिकवल्या त्याच भाषेत लवकर आठवल्या. अंदाजाच्या प्रश्नांत भाषेने फरक पडला नाही. इंग्रजीत इंजिनीअरिंग करूनही ‘बारा सक बाहत्तर’ मराठीतच आठवते, ते यामुळे. आणि शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला ५९ मोठे की ६१, हे समजलेच असेल असेही नाही. त्याच्याकडे साखळी आहे. तिची मोलाशी गाठ पडली का, ते वेगळे पाहावे लागते.

मग ‘वीस पाच’ योग्य होते?

माझ्या मते निदान बरोबर होते. उलट क्रमाचा भार खरा आहे, तो मोजला गेला आहे. तो कायमचा मात्र नाही. बहुतेक मुले काही वर्षांत तो पार करतात, आणि जर्मनी असो वा महाराष्ट्र, उत्तम अभियंते त्याच भाषेतून आले आहेत. बाजारात, एसटीत, आजीच्या तोंडी पंचवीस हे पंचवीसच राहणार असल्याने मुलाला ते शिकावे लागणारच. त्यामुळे ‘वीस पाच’ ही शिकतानाची कुबडी म्हणून उपयोगी आहे. ‘पंचवीस, म्हणजे वीस आणि पाच’ असे दोन्ही एका दमात म्हणून घेतले, की शब्दाचा झिजलेला सांधा मुलाला दिसतो. दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हातात असतील तर आणखी बरे, कारण मग चित्र, नाव आणि मोल तिन्ही एकत्र येतात. अनेक शिक्षक हे पुस्तकाची वाट न पाहता करतच आले आहेत. पुस्तकात गेल्यावर मात्र त्याची बातमी ‘मराठी आकडे बदलले’ अशी झाली. त्यात आम्हा माध्यमांचाही वाटा होता.

पालकांनी काय पाहावे?

‘५२’ लिहिणाऱ्या मुलाला आधी विचारावे : पंचवीस काड्या मोजून दे. त्या बरोबर दिल्या, तर गोंधळ बहुधा लिहिण्याच्या क्रमात आहे आणि सरावाने तो जाईल. ३ आणि ६ एकमेकांच्या जागी लिहिणेही या वयात विशेष नाही. देवनागरीत हे दोन अंक एकमेकांचे आरशातले रूप वाटतात (‘छत्तीसचा आकडा’ त्यावरूनच आला) आणि लहान मेंदूला आरशातली आकृती वेगळी मानायला शिकावे लागते.

पण तिसरी-चौथीतही लहान संख्यांत मोठी कोणती हे ठरत नसेल, साधी बेरीज बोटांशिवाय होत नसेल, घड्याळ आणि सुटे पैसे समजत नसतील, तर तो आळस समजू नये. ‘डिसकॅल्क्युलिया’ म्हणजे संख्याज्ञानातील अध्ययन अक्षमता साधारण ३ ते ७ टक्के मुलांत असल्याचे मानले जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये तिचा विशिष्ट अध्ययन अक्षमतांत समावेश आहे, म्हणजे शाळेकडे सवलत मागणे हा हक्क आहे. उलट क्रमाची चूक आणि ही अक्षमता एकाच लाल फुलीखाली जातात, ही खरी अडचण आहे. पहिल्या मुलाला विनाकारण शिक्का बसतो. दुसऱ्याला ‘होईल हळूहळू’ म्हणून मदतच मिळत नाही.

आता हा विषय पुन्हा का?

केंद्राच्या ‘निपुण भारत’ मोहिमेची घोषणा ५ जुलै २०२१ रोजी झाली. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि संख्याज्ञान यावे, यासाठी २०२६-२७ चे उद्दिष्ट ठेवले आहे. संख्या वाचता-लिहिता येणे हा त्यातला अगदी प्राथमिक निकष. इंग्रजीत ट्वेंटी फाइव्ह वाचणारे मूल आणि पंचवीस वाचणारे मूल एकाच फूटपट्टीने मोजले जाते. सेमी-इंग्रजीच्या मुलांना तर वर्गात पहिला क्रम आणि घरी दुसरा.

२०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा वाद पेटला आणि २९ जूनला सरकारने त्यासंबंधीचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. वाद अस्मितेचा आणि ओझ्याचा होता. पण ओझे म्हणजे नेमके किती, हे आकड्यांतही मोजता येईल. उदाहरणार्थ ८९. इंग्रजीत एटी नाइन, म्हणजे ऐंशी आणि नऊ. हिंदीत नवासी, म्हणजे नऊ आणि ऐंशी. मराठीत एकोणनव्वद, म्हणजे नव्वदाला एक कमी.